सहीचा अधिकार

नंदिगड्ड्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, शिकून शेवटी दुसऱ्याकडेच राबायचं ना?" तिला मी दुर्गाबाई खोट्यांविषयी सांगितलं.

सासरची श्रीमंती ओसरली, पदरी दोन मुलं. दुर्गाबाई कोल्हापूरच्या 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त (१९३२) तारामती झाल्या. नट कंपनीचे पगारी नोकर असण्याचा तो काळ. पण त्यांनी एकाच कंपनीशी बांधून घेतलं नाही, कलकत्त्यालाही कामं केली. 'सवंगडी'ची निर्मिती केली. पुढे स्वतःच्या संस्थेतून माहितीपट, जाहिराती काढल्या. १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला, तरी थांबल्या नाहीत. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांची 'वागळे की दुनिया' (१९८८) त्यांच्याच संस्थेची.

मुलींनो, नोकरी करा वा धंदा. सहीचा अधिकार मात्र आपल्याच हाती ठेवा.