ओट्यावरची सावली



गेल्या महिन्यात लग्नकार्याच्या निमित्ताने बोदवडला धाकट्या नणंदेकडे चार दिवस राहणे झाले. जुने धाब्याचे घर पाडून त्यांनी नवे स्लॅबचे घर बांधले आहे. बैठकीत छताला नक्षी, नक्षीत ओळीने आठ दिवे, शिवाय भिंतीवर लांब ट्यूब. बटण दाबले की नुसता लखलखाट! मी मनापासून कौतुक केले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले, तर ही ओट्याशी उभी राहून तुरीची डाळ निवडत होती. ताट अगदी नाकाशी धरलेले. म्हणाली, “वहिनी, माझे डोळेच गेले आता.” आदल्या दिवशी वरणातला खडा सासऱ्यांच्या दाताखाली आला आणि घरात चार शब्द झाले. मनाला लावून घेऊन ती भुसावळला डोळे तपासून आली, तर चष्म्याचा नंबर होता तोच!

मी वर पाहिले. एकच दिवा, तोही दारावर. ओट्याशी उभे राहिले की दिवा पाठीशी आणि ताटात आपलीच सावली. दोष डोळ्यांचा नव्हताच, दिव्याच्या जागेचा होता. जिथे बाई दिवसाचे सहा तास राबते, तिथे उरलासुरला दिवा. असे किती घरांतून असते, नाही?

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून ओट्यावरच्या फळीखाली, पुढच्या कडेला, एक छोटी एलईडी पट्टी बसवली. उजेड थेट हातावर, डोळ्यांत मात्र नाही. दिवा जवळ आणला की कमी वॅटचाही पुरतो, कारण छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. पूर्वी आपल्या सासवा कंदील उचलून कामापाशी नेत, तो शहाणपणाच होता.

आता इतर खोल्यांकडे वळू या. एलईडीच्या खोक्यावर ‘केल्विन’चा आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, ऊबदार उजेड. 6500 म्हणजे पांढराशुभ्र. निवडणे, टिपणे, शिवण, मुलांचा अभ्यास यांना पांढरा बरा. जेवायला बसताना, गप्पा मारताना आणि निजायच्या खोलीत पिवळसर लावा. झोपण्याआधीचा झगझगीत पांढरा उजेड झोप लांबवतो.

मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे हवा, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही. टीव्ही पाहताना खोली गुडुप अंधारी करू नये. टीव्हीच्या मागच्या बाजूला लहानसा दिवा असू द्यावा. वय वाढले की डोळ्यांतली बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर पडते. म्हणून सासूबाईंच्या पोथीपाशी आपल्यापेक्षा जास्त उजेड हवा. आणि रात्री मोरीकडे जाणाऱ्या वाटेवर, जमिनीलगत, अर्ध्या वॅटचा मिणमिणता दिवा जरूर ठेवा. अंधारात वृद्ध माणसे पडण्याची भीती असते. जुना ‘झिरो’चा दिवा नावालाच झिरो होता, बहुधा 10-15 वॅट खायचा!

खर्चाची धास्ती नको. जुना 60 वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट होत. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या 9 वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. शिवाय जुन्या दिव्याची बहुतेक वीज उष्णतेत जाई. आपल्या खानदेशातल्या मे महिन्यात ही आणखी शेगडी कोणाला हवी?

एक साधे काम मात्र विसरू नका. फोडणीची वाफ आणि कापसाच्या हंगामातली धूळ दिव्यावर बसते आणि उजेड खाते. महिन्यातून एकदा बटण बंद करून, दिवा गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

निघताना नणंद म्हणाली, “वहिनी, दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते गं!”

आज दिवेलागणीला एवढे करा. ओट्याशी उभ्या राहा आणि ताटात पाहा. सावली पडते का? पडत असेल, तर या महिन्याच्या खर्चात पहिला दिवा तुमचा.