हौज कटोरा आणि बहिरमची यात्रा

चीनमधील हांगझोऊ नगरीत आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस पश्चिम सरोवराकाठी चंद्रदर्शनासाठी जी गर्दी लोटते, ती पाहून वऱ्हाडी प्रवाशास कोजागिरीचे स्मरण व्हावे. परंतु ते सरोवर आपोआप टिकलेले नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस तेथे अधिकारपदी असलेल्या सू शी या कवीने गाळाने व पाणवनस्पतींनी भरत चाललेले सरोवर उपसविले, निघालेल्या गाळाचा लांब बांध घातला आणि काठालगतचे पाणी शिंगाड्याच्या लागवडीस देऊन पुढील देखभालीचा खर्च त्यातून भागविण्याची तजवीज केली. शिंगाडा विदर्भातील तळ्यांना नवा नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

अचलपूर ही 1490 साली उदयास आलेल्या इमादशाहीची राजधानी. शहराच्या पश्चिमेस हौज कटोरा नावाचे जुने तळे असून त्याच्या मधोमध अष्टकोनी, मजल्यांवर मजले चढविलेली देखणी वास्तू भग्नावस्थेत उभी आहे. तिकडे परतवाडा–बैतूल मार्गावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमबुवाची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते व महिन्याहून अधिक काळ चालते. लोण्याशेंदराने माखलेल्या देवाचे दर्शन, मातीच्या हंडीत शिजणारे मटण, रोडगे, एके काळी तमाशाचे फड, असा तिचा लौकिक. परतवाड्यावरून हजारो माणसे या यात्रेला जातात. अचलपूर त्याला खेटूनच वसलेले असूनही त्यांपैकी फारच थोड्यांची पावले हौजाकडे वळतात. अचलपुरात जन्म काढलेल्यांचीही गत याहून फारशी निराळी नाही.

पर्यटन म्हटले की आपल्याकडे प्रथम तिकीटघर बांधावयाचे सुचते. हांगझोऊने 2002 पासून सरोवराभोवतीच्या उद्यानांचे प्रवेशशुल्क उठविण्यास आरंभ केला. तिकिटाचे उत्पन्न गेले, परंतु माणसे अधिक काळ राहू लागली आणि खाणावळी, निवास व वाहतूक यांवरील त्यांच्या खर्चाने ती तूट भरून काढली. 2011 मध्ये हे सरोवर जागतिक वारसा यादीत आले, तेही विनाशुल्क.

उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्याला कोण जाणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आरंभ गाळापासून व्हावा. वास्तूला धक्का न लावता, पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली गाळ काढावा, तो भोवतालच्या शेतकऱ्यांना न्यावयास द्यावा, पाणी ठरल्यास मासे व शिंगाडे यांचे हक्क स्थानिक भोई कुटुंबांना द्यावेत. यात्रेतील जागाभाड्याचा एक ठरावीक हिस्सा या कामी राखून ठेवावा आणि यात्रेच्या दिवसांत परतवाड्याहून हौजापर्यंत बस सोडावी.