जिरे सोडण्याआधीचा दिवस

जुलै उजाडला की ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून रोहू, कटला, मृगळाचे जिरे, म्हणजे माशांची इवलीशी पिल्ले, गावोगावी पोहोचते. लाखाच्या हिशेबाने ते संगोपन तळ्यात पडते आणि पंधरा-वीस दिवसांनी जाळे ओढले की हाती मूठभर लागते. मग ठरलेले वाक्य: ‘बीच खराब होतं.’ मला ते पटत नाही. माझ्या मते दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो.

तीन-चार दिवसांचे जिरे जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे. अंगातली शिदोरी संपलेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी तोंडात मावेल असे प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, हवे: आधी रोटिफर, मग मोइना. त्यासाठी चुना, शेण आधी टाकतात. पन्नास लिटर पाणी प्लवंगजाळीतून गाळावे, नळीत बसू द्यावे. तळाशी एक-दीड मिलिलिटर साका बसला तर तळे तयार. नळी उजेडासमोर धरली की पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसतात.

पण जिरे यायला आठवडाभर उशीर झाला, तर त्याच पाण्यात वैरी वाढतात. पाठीवर पोहणारे किडे आणि पाणभुंगेरे रात्री उडत येऊन तळ्यात उतरतात. पाठीवर पोहणारा किडा बोटाच्या नखाएवढा. पुढच्या पायांत पिल्लू घट्ट धरतो, सोंड खुपसतो आणि शोषून सोडून देतो. मागे उरते ते पांढरे, रिकामे कातडे. दिवसभर त्याचे हेच चालते.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल आणि १८ किलो कपड्यांचा साबण; म्हणजे दोन गुंठ्यांच्या तळ्याला सव्वा किलोच्या आत तेल. गरम पाण्यात साबण विरघळवून त्यात तेल घोटायचे आणि वारा नसताना, जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी शिंपडायचे. हे किडे श्वासाला वर येतात, तवंगाने त्यांची श्वासनळी बंद होते. चतुराच्या अळ्या मात्र कल्ल्यांनी श्वास घेतात. त्यांना तवंग बाधत नाही; त्यांच्यासाठी बारीक आसाचे जाळे पुन्हापुन्हा ओढावेच लागते.

शेततळ्यांत मासे पाळा म्हणून आपण शेतकऱ्याच्या मागे लागतो, जिरे सवलतीत देतो. मत्स्यव्यवसाय विभागाने जिऱ्याच्या पिशवीसोबत एक प्लवंगजाळी द्यावी आणि पिशवी कधी निघणार ते पंधरा दिवस आधी कळवावे. तारीख ठाऊक नसेल तर शेतकऱ्याने शेण कधी टाकायचे आणि तेल कधी शिंपडायचे?