लाल मुनिया आणि हिरवी मुनिया

अबूच्या यात्रेस गेलेली कुटुंबे देलवाड्याच्या संगमरवरी छताकडे माना उंचावून पाहत राहतात. त्याच डोंगरावर, वस्तीलगतच्या झुडपांत व गवतात, जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीची हिरवी मुनिया दाणे टिपत असते. तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हिरवी पाठ, पिवळसर पोट, कुशीवर काळे-पांढरे पट्टे आणि लाल चोच असे तिचे रूप. तिच्या शास्त्रीय नावातील ‘फॉर्मोसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच सुंदर असा आहे.

लाल मुनिया ही तिची जवळची आप्त. अंगलोट, लाल चोच, गवताच्या बियांवरील उपजीविका, सारे सारखेच. भेद आहे तो वेषाचा. लाल मुनियेचा नर पावसाळ्यात किरमिजी होतो व त्यावर पांढरे ठिपके उमटतात. विणीचा हंगाम सरला की तो मादीसारखा मातकट दिसू लागतो. हिरवी मात्र बारा महिने एकाच वेषात वावरते.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. लाल मुनिया भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरली आहे; पिंजऱ्यांतून निसटून ती स्पेनमध्येही स्थिरावली. हिरवीचे घर केवळ भारत, तेही दक्षिण राजस्थान व मध्य भारताच्या तुटक पट्ट्यांत. जागतिक सूचीत तिची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. ज्याची शिल्लकच तुटपुंजी, त्याच्या खात्यातून वारंवार रक्कम उचलली जावी, तसे तिचे झाले आहे.

ही उचल जुनी आहे. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावातील ‘अमांडावा’ हा अहमदाबादचाच अपभ्रंश. तेथूनच हे पक्षी पूर्वी युरोपात जात. आज वन्य पक्ष्यांच्या विक्रीस कायद्याने बंदी आहे, तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही. जीवदयेच्या भावनेने पिंजरा विकत घेऊन पक्षी सोडणाऱ्याचा हेतू निर्मळच असतो. परंतु विक्रेत्याच्या वहीत ती विक्रीच होय, आणि रिकामा पिंजरा भरण्यासाठी पारधी पुन्हा जाळे लावतो. अशा वेळी पैसे न देता वनखात्यास कळविणे हाच पक्ष्याच्या हिताचा मार्ग.

काही विक्रेते साध्या मुनियांना हिरवा रंग फासूनही विकतात. त्यांच्या कुशीवर ते काळे-पांढरे पट्टे नसतात.