मागेल त्याला पंप. मागेल त्याला काम केव्हा?

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सुरू केली. जुन्या कार्यकर्त्यांना हे शब्द ओळखीचे वाटले असतील. ‘मागेल त्याला काम’ ही या राज्यातील कष्टकऱ्यांची घोषणा. 1972 च्या दुष्काळात ती गावोगावी पोहोचली आणि 1977 च्या रोजगार हमी कायद्याने तिला वैधानिक रूप मिळाले. त्या घोषणेतील ‘काम’ काढून तेथे ‘पंप’ बसविणे सरकारला अवघड गेले नाही. शेतकऱ्याला दिवसा पाणी देणाऱ्या पंपाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे की, सूर्यशक्तीचा हा नवा संसार ज्यांच्या हातांनी उभा राहावयाचा, त्या हातांच्या वाट्याला काय येणार?

सरकारचे उत्तर तयार असते: प्रशिक्षण. केंद्र सरकारने 2015 मध्ये ‘सूर्यमित्र’ कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत 50 हजार तरुणांना सौरसंच बसविण्याचे व दुरुस्तीचे 600 तासांचे निवासी शिक्षण मोफत द्यावयाचे, असा संकल्प होता. हेतू चांगला. परंतु प्रवेशाची अट पाहा: दहावी उत्तीर्ण आणि वर आय.टी.आय. किंवा पदविका. ज्या भूमिहीन मजुराच्या मुलीची शाळा सातवीतच सुटली, ती या दारातून आत कशी येणार? वंचितांसाठी म्हणून काढलेल्या योजनेचा उंबरठाच वंचितांना ओलांडता येत नाही.

जे आत येतात त्यांचे पुढे काय होते? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची 2015 ते 2022 या काळातील तपासणी केली. त्यांचा अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेपुढे आला. 95 लाखांहून अधिक प्रशिक्षणार्थींपैकी 94 टक्क्यांहून अधिक जणांच्या बँकखात्याच्या रकान्यात शून्ये होती किंवा तो रकाना कोराच होता. अल्पमुदतीचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविलेल्यांपैकी सुमारे 41 टक्क्यांनाच काम मिळाल्याची नोंद आहे. यात एखाद्या कारकुनाची चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. अनुदान प्रशिक्षणार्थींच्या संख्येवर मिळणार असेल तर संस्था डोकी मोजणारच. तरुणाला काम मिळाले काय, वर्षभर टिकले काय, किमान वेतन मिळाले काय, हे पाहण्यात कोणाचाच स्वार्थ गुंतलेला नाही.

अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे विसरला जातो. बेकारी ही मुख्यतः कामगाराच्या अंगच्या उणिवेतून जन्माला येत नाही. श्रमाला मागणी नसते म्हणून ती असते. मागणी न वाढविता केवळ प्रशिक्षित हात वाढविले, तर त्याच थोड्या जागांसाठी अधिक माणसे रांगेत उभी राहतात आणि मजुरी घसरते. म्हणजे सरकारी खर्चाने तयार झालेला स्वस्त कामगार कंत्राटदाराला आयता मिळतो. शेकडो एकरांवरचा सौरप्रकल्प उभारताना काही महिने गर्दी असते. पुढे उरते ते काचा धुणे, गवत कापणे आणि राखण करणे. त्याउलट घरांच्या छपरांवरील छोटे संच प्रत्येक मेगावॉटमागे कितीतरी अधिक माणसांना काम देतात. कोणत्या प्रकारची सौरवीज वाढवावयाची, हा निर्णयसुद्धा म्हणूनच कामगारांच्या बाजूचा किंवा विरोधातला असतो.

‘पैसा कोठून आणावयाचा?’ हा प्रश्न आता येईलच. पैसा होता. 2010 साली केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर नेला. 2010-11 ते 2017-18 या काळात त्यातून सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले 30 हजार कोटींहून कमी आणि प्रत्यक्ष खर्च झाले 16 हजार कोटींहून कमी. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर 2025 मध्ये भरपाईचा तो उपकरही कोळशावरून उठला व कोळशावरील कराचा दर 5 वरून 18 टक्क्यांवर गेला. करभार राहिला; स्वच्छ ऊर्जेशी त्याचे नाते मात्र पुरते तुटले.

हा कोळसा निघतो कोठून? आपल्या राज्यात तो मुख्यतः वर्धा नदीच्या खोऱ्यातून निघतो. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र 2,920 मेगावॉट क्षमतेचे आहे. त्या विजेवर मुंबई-पुण्याचे दिवे लागले. धूळ आणि राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला आली. 2015 पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या 30 टक्के इतकी रक्कम त्यांच्याकडे जमा होते आणि कौशल्यविकास हा तिच्या अग्रक्रमाच्या कामांपैकी एक आहे. खाणग्रस्तांचा हा हक्काचा पैसा आहे. उद्या कोळसा मागे पडेल तेव्हा खाणीतल्या कंत्राटी मजुराने कोठे जावयाचे, याची तजवीज त्यातून आजच झाली पाहिजे.

अनुदानावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, याचा दाखला अमेरिकेने दिला आहे. तेथे गरीब वस्त्यांत सौरवीज नेण्यासाठी व तिच्या अनुषंगाने स्थानिकांना शिकवून कामाला लावण्यासाठी 7 अब्ज डॉलर मंजूर झाले होते. सरकार बदलले आणि ऑगस्ट 2025 मध्ये तो कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. मर्जीने मिळालेले मर्जीनेच जाते.

आपले काही मित्र म्हणतील की, मिळते आहे ते प्रशिक्षण तरी कशाला नाकारावयाचे? नाकारावयाचे मुळीच नाही; त्याला हक्काची जोड द्यावयाची आहे. रोजगार हमी कायद्याने नेमके तेच केले. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे दायित्व त्याने शासनावर टाकले. 1975 च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर शहरातल्या पगारदारांकडून घेऊन खेड्यातल्या कामासाठी राखून ठेवला. आम्हा प्राध्यापकांच्या पगारातूनही तो कापला जाई, आणि ती कपात योग्यच होती.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्याव्यात. शासनाच्या पैशाने वा जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सौरप्रकल्पात ठरावीक जागा त्याच तालुक्यातील प्रशिक्षितांना कायद्याने मिळाव्यात. प्रशिक्षणसंस्थेच्या अनुदानाचा मोठा हिस्सा तरुणाचे वर्षभराचे वेतन बँकेत जमा झाल्याचे पाहूनच दिला जावा. शिक्षणाच्या काळात मजुरीइतके विद्यावेतन असावे. रोजंदारी बुडवून तीन महिने वसतिगृहात राहणे भूमिहीनाला परवडत नाही. शालेय प्रमाणपत्राची अट काढून हातचे कौशल्य पारखावे. कृषिपंपांच्या दुरुस्तीची कामे गावातील तरुण-तरुणींच्या सहकारी संस्थांना द्यावीत. आणि कोळशावरील कराचा निश्चित वाटा कोळसाग्रस्त जिल्ह्यांसाठी कायद्याने राखून ठेवावा.

ग्रामसभेत, जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या बैठकीत, तहसील कचेरीसमोर कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारीत राहावे: किती जणांना शिकविलेत हे ठाऊक आहे, आज कामावर किती आहेत आणि किती मजुरीवर, ते सांगा. सरकारला पंप मागेल त्याला देता येतो, तर तो दुरुस्त करण्याचे कामही मागेल त्याला देता आले पाहिजे.