विश्लेषण : पाळी पुढे ढकलण्याची गोळी कधी सुरक्षित, कधी धोक्याची?

महालक्ष्म्या, नवरात्र, लग्न किंवा परीक्षा जवळ आली की पाळी लांबवण्याच्या गोळीची आठवण होते. अनेकदा ती घरातील दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारताच घेतली जाते. ही गोळी नेमके काय करते आणि ती कोणी घेऊ नये, याविषयी...

गोळीने पाळी थांबते कशी?

शरीरातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरली की गर्भाशयाचे आतील अस्तर गळते आणि पाळी येते. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे कृत्रिम औषध आहे. गोळी सुरू असेपर्यंत अस्तर टिकून राहते. साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ३ वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधीपासून दिली जाते. ती १० ते १४ दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये असे सांगितले जाते. गोळी बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. ती आली नाही तर गर्भधारणेची तपासणी करावी, कारण अशा पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नाही. रक्तस्राव सुरू झाल्यानंतर गोळी घेतली तर तो थांबेलच, याची खात्री नसते.

मग धोका कुठे आहे?

निरोगी स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या वेळी ही गोळी घेतली तर सहसा मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे किंवा पोट फुगणे यापलीकडे त्रास होत नाही. मात्र पाळी लांबवण्यासाठी लागणाऱ्या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका काहीसा वाढतो. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे, असह्य डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास गोळी बंद करून तातडीने रुग्णालय गाठावे.

कोणी टाळावी?

पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेल्या, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या, दृष्टीवर परिणाम करणारी अर्धशिशी असलेल्या आणि गर्भवती स्त्रियांनी ही गोळी घेऊ नये. कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल तर आधी त्याची तपासणी हवी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्माराची काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. पूर्व विदर्भात आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो सिकलसेलचा. भंडारा हा या आजाराचे रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये गुठळीचा धोका मुळातच अधिक असतो. त्यामुळे अशा स्त्रीने डॉक्टरांना आजाराची कल्पना दिल्याशिवाय गोळी घेऊ नये.

दुसरे पर्याय कोणते?

गुठळीचा धोका असलेल्यांना डॉक्टर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन देऊ शकतात; त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. जी स्त्री आधीपासूनच ‘माला-एन’सारख्या गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिला वेगळे औषध लागतेच असे नाही. पाकिटातील २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या वगळून लगेच नवे पाकीट सुरू केले की पाळी पुढे जाते. तेही आधी विचारूनच करावे. ‘छाया’ गोळी किंवा ‘अंतरा’ इंजेक्शनमुळे पाळीचे चक्र बदलते, पण ती हव्या त्या तारखेसाठी वापरायची साधने नाहीत. पपई, तीळ किंवा गूळ खाऊन पाळी अलीकडे आणता येते, याला वैद्यकीय पुरावा नाही.

हा केवळ औषधाचा प्रश्न आहे का?

नाही. खेळाडू किंवा परीक्षार्थी मुलगी स्वतः ठरवून तारीख बदलते, तेव्हा ती तिची सोय असते. घरात देवाचे कार्य आहे म्हणून सुनेला गोळी घ्यायला लावणे ही सक्ती होते. मजुरीचा दबाव तर याहून टोकाला नेतो. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, सर्वेक्षण झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाकडून दंड, अशा व्यवस्थेत पाळी कायमची बंद करणे अनेकींना ‘परवडणारे’ वाटले. भंडाऱ्यात भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईला गोळीपेक्षा बांधाजवळ आडोसा, स्वच्छ पाणी आणि मजुरी न कापता सुट्टी अधिक उपयोगी पडेल.

गावपातळीवर काय करता येईल?

मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ हाताशी नसतो. पण आशा सेविका असते, मोहाडीचे ग्रामीण रुग्णालय आणि तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येते. कार्यक्रमाच्या किमान आठवडाभर आधी विचारावे. सोबत मागील पाळीची तारीख, सध्याची औषधे, जुने आजार आणि सिकलसेल तपासणीचे कार्ड असावे. दुसऱ्या बाईला लिहून दिलेली गोळी घेऊ नये. दर सणाला गोळीची गरज भासत असेल, तर घरातील प्रथेबद्दलही बोलायला हवे.