रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

ट्युटोरियल बनवणं हे शिकवण्याचं काम आहे, पण स्क्रीन रेकॉर्डिंगची बहुतेक सॉफ्टवेअर्स आपल्याला कॅमेरामन समजतात. इथे ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेचं काम सांभाळून शनिवार-रविवारी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना मराठीत पायथन शिकवायला बसलं, की निम्मा वेळ या झटापटीतच जातो.

नेहमीच्या तक्रारी तीन, आणि तिन्हींमागे कारणं आहेत.

पहिली, आवाज आणि चित्र यांची फारकत. पडद्यावर काही हलत नसेल किंवा संगणकावर ताण आला, तर अनेक रेकॉर्डर काही फ्रेम्स गाळतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र फ्रेम रेट स्थिर आहे असं धरून चालतं. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं. विसाव्या मिनिटाला क्लिक आधी दिसतो आणि शब्द मागून येतो.

दुसरी, पुसट अक्षरं. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक जितका बारकाईने कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून व्हिडिओ लहान करताना सहसा चार पिक्सेलचा उजळपणा वेगवेगळा ठेवतात, पण त्यांचा रंग एकच. चेहऱ्याला किंवा डोंगराला हे खपून जातं. काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल कोडला, किंवा देवनागरीतल्या इवल्याशा अनुस्वाराला, नाही.

तिसरी, हातची गेलेली फाइल. साध्या एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच संगणक बंद पडला, तर आतली माहिती असूनही फाइल उघडत नाही.

या तिन्हींना उतारे आहेत: फ्रेम रेट स्थिर ठेवा, अक्षरं मोठी आणि ठळक घ्या, एमकेव्हीत रेकॉर्ड करून मग एमपीफोर करा. खरं दुखणं वेगळंच आहे. चाळीस मिनिटांचा सलग व्हिडिओ बनवला, की त्यात काही बदलता येत नाही. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एक मेनू हलला, की सगळा धडा शिळा.

यावरचा शहाणा मार्ग पवईतच सापडतो. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. आधी दोन रकान्यांत संहिता लिहितात: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचं. चित्र तेच ठेवून आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला जातो.

संहितेने बोलण्यातली मोकळीक थोडी जाते, हे मान्य. गप्पा मारत शिकवण्याची गंमत वेगळीच. पण विद्यार्थ्याला ‘थांबा हं, हे का चालत नाहीये’ असं म्हणणारी आपली पाच मिनिटं नको असतात. शिवाय लिहिलेली संहिता शोधता येते, दुरुस्त करता येते, आणि नेट मंद असेल तर नुसती वाचताही येते.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: परदेशातून मराठीत शिकवणाऱ्यांनी व्हिडिओसोबत संहिताही खुली ठेवावी, आणि चित्र व आवाजाच्या फाइल्स वेगळ्या द्याव्यात. आपल्याला पुढच्या वर्षी वेळ मिळेलच असं नाही. तेव्हा नांदेडच्या एखाद्या शिक्षिकेला त्यातला दोन मिनिटांचा तुकडा बदलून तो धडा पुढे चालवता आला पाहिजे.